नोकरी सांभाळून कोरियन शिकायचंय, शिफ्टवाल्यांनी कसं जमवायचं?

उद्यमबाग_बी_शिफ्ट
नमस्कार मंडळी. वाचत असतो इथं, धागा पहिल्यांदाच काढतोय. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहे, सीएनसी सेटिंग आणि प्रोग्रामिंग बघतो, वय पस्तिशीच्या पुढं गेलंय. आमच्याकडं कोरियन मशिनं आल्यापासून त्यांची माणसं येऊन जाऊन असतात, कधी इन्स्टॉलेशनला, कधी सर्व्हिसला, आणि मधे एक दुभाषी असतो, तो चेन्नईहून येतो. तो नसला की दोन्हीकडची माणसं मोबाईल पुढं धरून उभी. मग म्हटलं आपणच शिकूया की.

हंगुल, म्हणजे त्यांची लिपी, वाचता येतंय आता, हळूहळू, पाटी वाचणाऱ्या पोरासारखं, पण अर्थ लागत नाही. अडचण अशी की शिफ्ट दर आठवड्याला बदलते, ऑनलाईन क्लास बघितले तर सगळे संध्याकाळी सातनंतर, म्हणजे बी शिफ्टच्या आठवड्यात बोंब, नाईटच्या आठवड्यात तर डोळेच उघडत नाहीत. घरी पोरगी दुसरीत आहे, तिचा अभ्यास पण माझ्याकडंच. ॲपवर स्ट्रीक चालू आहे पण त्यातनं फक्त सफरचंद खाणारा मुलगा आणि दूध पिणारी मुलगी एवढंच कळलंय. क्लासशिवाय जमतंय का कुणाला? आणि टॉपिक म्हणून जी कोरियन भाषेची परीक्षा असते तिच्या दुसऱ्या लेव्हलपर्यंत जायचं तर नोकरीवाल्याला किती काळ धरावा? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातलं कुणी करतंय का?

तंबाखूचा_मळा
आधी कन्नड नीट शिक गा, मग कोरियाला जा. इथं घरच्या शेताचा उतारा वाचायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागतेय आणि हे चालले सोलला.

उद्यमबाग_बी_शिफ्ट
बोलतो की कन्नड, शॉपफ्लोअरवर निम्मी माणसं गोकाक-हुक्केरीकडची आहेत. वाचायला अडतंय ते खरं. पण त्याचा इथं काय संबंध.

वडगावची_अक्का
संबंध आहे, मळेवाल्यांनी टोमणा मारला असला तरी नेमका हाच मुद्दा कामाचा आहे. पण तो मास्तर सांगतील, ते इथंच कुठं तरी असतात. मी वेळेबद्दल लिहिते.

मी पतसंस्थेत आहे, सकाळी दहा ते सहा कागदावर, प्रत्यक्षात मार्च एंडिंगला विचारू नका. घरी सासूबाई, दोन मुलं. टॉपिक वनची दुसरी लेव्हल झाली आहे माझी आणि क्लास एकही लावला नाही, म्हणजे क्लास वाईट असतात म्हणून नव्हे, वेळ जुळत नव्हता आणि बेळगावात तेव्हा शिकवणारं कुणी मला सापडलं नाही. किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाईन कोर्स आहेत, फुकट, ते धरले, आणि टॉक टू मी इन कोरियनचे सुरुवातीचे धडे. शब्दांना अंकी, म्हणजे कार्ड उलटून शब्द पाठ करायचं ॲप. डिक्शनरी नेव्हरची. बस. यापेक्षा जास्त गोळा केलंस तर गोळा करण्यातच वर्ष जाईल, मी अशी बरीच माणसं बघितली आहेत ज्यांच्याकडं पीडीएफ ढीगभर आणि वाक्य एक येत नाही.

तुझी खरी अडचण वेळ नाही रे, थकवा आहे. सगळे सांगतात रोज एक तास काढा. आठ तास उभं राहून आलेल्या माणसाचा तास आणि सकाळी आंघोळ करून बसलेल्या माणसाचा तास एक असतो का? म्हणून घड्याळाला बांधून घेऊ नकोस, ड्यूटीला बांध. निघायच्या आधी, चहा झाला की, वीस-पंचवीस मिनिटं. बी शिफ्ट असली की सकाळ तुझीच आहे, तेव्हा नवीन व्याकरण घे. ए शिफ्टच्या आठवड्यात पहाटे काही डोक्यात शिरणार नाही, तेव्हा फक्त जुने शब्द आणि येता-जाता ऐकणं. आणि नाईटच्या आठवड्यात नवीन काही घ्यायचंच नाही, अंकीचे कार्ड उलटायचे आणि झोपायचं. झोपेतनं काढलेला अभ्यास टिकत नाही, ते मी शपथेवर सांगते.

गणपतीचे अकरा दिवस धरून चाल की काही होणार नाही. बेळगावात राहून गणपतीत अभ्यास करणारा माणूस मला तरी माहीत नाही. मोडलं तर मोडलं, स्ट्रीकसाठी रडत बसायचं नाही.

अजून एक. वही घाल आणि तिच्यात इंग्रजी लिहू नकोस. कोरियन वाक्य, त्याखाली मराठी नाहीतर कन्नड, जे आधी सुचेल ते. सगळं साहित्य इंग्रजीतून असल्यामुळं आपण कोरियनचं इंग्रजी करतो, मग इंग्रजीचं मराठी करतो, म्हणजे निपाणीला जायला हुबळीवरून वळसा. यात निम्मा वेळ जातो आणि वर वाटतं की भाषा अवघड आहे.

चिकोडीचा_मास्तर
आलो. अक्कांनी हाक मारली म्हणजे यायलाच पाहिजे.

एक सूचना आधी देतो, इथं कोरियन अक्षरं टाकली की माझ्या मोबाईलवर चौकोन दिसतात म्हणून मी देवनागरीत लिहितोय, पण वहीत असं अजिबात करू नका. त्यांच्यात ओ आणि ऑ असे दोन वेगळे स्वर आहेत, शिवाय ओठ न गोल करता काढलेला एक ऊ आहे, त्याला आपल्याकडं अक्षरच नाही. देवनागरीत लिहायची सवय लागली की उच्चार कायमचा बिघडतो.

आता मुद्दा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था कोरियनला सगळ्यात अवघड गटात टाकते, २२०० तास वर्गातले. हा आकडा वाचून लोक घाबरतात. पण तो हिशेब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे! त्यांना क्रियापद शेवटी येतं इथपासून सुरुवात करावी लागते. आपल्याला त्यात काय नवल आहे? खरी मजा पुढं आहे. 'खाऊन बघ' हे इंग्रजीत शब्दाला शब्द सांगता येत नाही. कन्नडमध्ये 'तिंदु नोडु', कोरियनमध्ये 'मॉगॉ ब्वा', तिथंही खाणं पुढं आणि बघणं मागं, अर्थ तोच की चव घेऊन बघ. 'करून द्या' म्हणजे 'माडि कोडि', त्यांचं 'हे जुसेयो', यात जु म्हणजे देणंच. 'मी खाल्लेला भात', कन्नडमध्ये 'नान् तिंद अन्ना', कोरियनमध्ये 'नेगा मॉगुन बाप', सगळं विशेषण भाताच्या आधी, इंग्रजीसारखं मागं शेपूट नाही. आणि 'येतो म्हणून सांगितला', 'बर्तीनि अंत हेळिदा', याला 'ओन्दागो हेस्सॉयो'. इंग्रजीतून शिकवणारे या एका रचनेला तीन-तीन धडे लावतात, आपण सीमाभागातली माणसं तर बोलण्यात दर दुसऱ्या वाक्याला 'म्हणून' नाहीतर 'अंत' घालतोच.

उलट मराठीपेक्षा काही गोष्टी सोप्या आहेत. नामाला लिंग नाही, तो टेबल की ते टेबल हा तंटा नाही. क्रियापद मी, तू, तो, त्या यांच्याप्रमाणं बदलत नाही. बदलतं ते मानाप्रमाणं, आणि मान कसा द्यायचा ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

उच्चाराचं सांगतो, कारण तिथं बरेच जण अडकतात. 'हाप्-निदा' असं लिहितात आणि 'हाम्निदा' म्हणतात, पोरं म्हणतात सर लिहिलंय एक वाचताय एक. अरे, वाक् अधिक मय काय होतं? वाङ्मय. जगत् अधिक नाथ? जगन्नाथ. पुढं अनुनासिक आलं की मागचं व्यंजन आपल्याच वर्गातलं अनुनासिक होतं, आठवीतली व्यंजनसंधी आहे ही! 'गुक' म्हणजे सार, 'मुल' म्हणजे पाणी, जोडून 'गुंगमुल'. क चा ङ झाला. शाळेत संधी सोडवून मार्क मिळवले, ते आता वापरा.

तंबाखूचा_मळा
म्हणजे कोरियन लोक मूळचे कर्नाटकातले म्हणायचे! अप्पा, अम्मा पण तेच म्हणतात की ते.

चिकोडीचा_मास्तर
नाही हो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होमर हल्बर्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं कोरियन आणि द्राविडी भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत असं मांडलं होतं, आजचे भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत. आई-बापाचे शब्द जगात बऱ्याच ठिकाणी सारखे निघतात, लहान पोराच्या तोंडून म आणि प आधी येतात म्हणून. नातं नसलं तरी घडण सारखी असू शकते, आणि शिकणाऱ्याला घडण कामाला येते. नात्याचा विषय निघाला की धागा कुठं जातो ते आपल्याला माहीत आहे.

संपादक
भाषा-वंश-सीमा यासाठी दुसरे धागे आहेत. इथं अभ्यासावरच बोलावं.

होनगा_मेंटेनन्स
मला एक कळेना. आमच्याकडं पण कोरियन मशीन आहे पण कंट्रोलर फानुकचा, अलार्म इंग्रजीत येतो, मॅन्युअल इंग्रजीत येतं. त्यांचा इंजिनिअर आला तर पापागो आहे, बोललं की भाषांतर करून देतं, आता तर एआयवाले ॲप पण आलेत. मग रात्रीची झोप घालवून शिकायचं कशाला? त्यापेक्षा मॅक्रो प्रोग्रामिंग शिक, पगार वाढेल.

निपाणीकर_पुण्यात
होनगावाले, तुमचं अर्धं पटतंय. मॅन्युअलसाठी शिकू नये, तिथं पापागो भारी आहे, मी स्वतः वापरतो. माझं काम पुण्याजवळ एका पार्ट सप्लायरकडं, आमचा कस्टमर कोरियन, मी मूळचा क्वालिटीतला माणूस, भाषा नंतर शिकलो. त्यामुळं जे बघतोय ते सांगतो.

लाईन बंद पडली आहे, चार माणसं एकदम बोलतायत, त्यातला एक फोनवर सोलशी बोलतोय, कंप्रेसर चालू आहे, तिथं मोबाईल कुणापुढं धरणार? आणि त्यांची माणसं आपापसात काय बोलतात ते कळायला लागलं की चित्रच बदलतं. चोरून ऐकायचं असं नव्हे हां, पण 'हे आज होणार नाही, उद्या परत यावं लागेल' एवढं आधी कळलं तर तुम्ही जॉब दुसऱ्या मशीनला फिरवू शकता. दुभाष्याला भाषा येते पण रनआउट आणि बॅकलॅश काय ते कळत नाही, इंजिनिअरला ते कळतं पण भाषा येत नाही. दोन्ही थोडं थोडं येणारा माणूस फार कमी असतो आणि त्याचीच किंमत होते. म्हणून धागाकर्त्याला माझं सांगणं, सफरचंद आणि दूध सोड, तुझ्या कामाचे शब्द आधी घे.

आणि ते सोपे आहेत कारण कारखान्यातले बहुतेक शब्द चिनी मुळाचे, आपल्याकडं कसे सगळे जड शब्द संस्कृतातनं येतात आणि मराठीला कन्नडला दोन्हीकडं चालतात, तसंच. एक मूळ कळलं की पाच शब्द सुटतात. 'गोंग' घे. गोंगजांग कारखाना, गोंगगु टूल, गागोंग म्हणजे मशिनिंग, गोंगहाक इंजिनिअरिंग. त्यातलं 'हाक' म्हणजे शिक्षण, तेच हाक्क्यो शाळा, हाक्सेंग विद्यार्थी, देहाक कॉलेज. गिग्ये मशीन, गोजांग ब्रेकडाऊन, दोम्यॉन ड्रॉइंग, गॉम्सा इन्स्पेक्शन, बुल्ल्यांग रिजेक्शन, नाप्की डिलिव्हरीची तारीख. शेवटचे दोन शब्द तुला सगळ्यात जास्त ऐकू येतील, आणि सहसा रागानं.

हुद्द्यांचं बघ. देरी, त्यावर ग्वाजांग, मग छाजांग, मग बुजांग, आणि प्रत्येकाला मागं 'निम' लावायचं. नुसतं नावानं हाक मारायची नाही, आपण कुठं साहेबांना नावानं हाक मारतो? ड्रामा बघून शिकलेली पोरं इथं मार खातात, कारण ड्रामात मित्र-मैत्रिणी एकमेकांना अरे-तुरे करतात, तीच वाक्यं पाठ करून येतात आणि बुजांगला ऐकवतात. निघताना 'सुगोहास्यॉस्सुम्निदा' म्हणायला मात्र शिका, म्हणजे कष्ट घेतलेत तुम्ही. यातही बारकावा आहे, फार वरच्या साहेबाला ते म्हणावं की नाही यावर त्यांच्यातच मतं आहेत, बरोबरीच्यांना बिनधास्त म्हणा.

पगाराचं, तर नुसत्या टॉपिकवर काही वाढत नाही. हातात काम असलं आणि वर भाषा असली तर बोलणी करता येतात. माझं तरी असंच झालं.

खानापूर_ते_बेळगाव_अपडाऊन
मी इथं बहुतेक सगळ्यात लहान असेन, खाजगी हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे, रोज खानापूरहून येते. हो, ड्रामा बघूनच सुरुवात केली, लाज कसली त्यात, दादांनी जरा जास्तच ठोकलं ड्रामावाल्यांना 😄 ऐकायची सवय ड्रामानंच लागली मला. आता एकच करते, सबटायटल बंद करून एकच सीन बसमध्ये परत परत ऐकते आणि कोण कुणाला कसं बोलतंय एवढंच बघते, सून सासूला, शिपाई मॅनेजरला, दोन मैत्रिणी आपसात. तीच गोष्ट तीन तऱ्हांनी ऐकली की क्रियापदाच्या शेवटचा बदल आपोआप कानात बसतो. बसमध्ये उभं राहून वही काढता येत नाही आणि पावसाळ्यात तर एक हात छत्रीला, पण कान मोकळे असतात.

बोलायला पार्टनर पाहिजे असेल तर वेळेचं गणित बघा, कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. आपण रात्री आठला निवांत बसतो तेव्हा तिकडं साडेअकरा झालेले असतात, नोकरीवाली माणसं झोपायला निघालेली. मी सकाळी साडेसहाला माझ्या पार्टनरशी बोलते, तिकडं दहा, तिची मुलं शाळेत गेलेली असतात. तिला इंग्रजी शिकायचंय, मला कोरियन, अर्धा वेळ तिचा अर्धा माझा. बी शिफ्टच्या आठवड्यात धागाकर्त्या दादांना हे जमेल.

आणि मोबाईलला कोरियन कीबोर्ड टाकाच. व्यंजनं डाव्या बाजूला, स्वर उजव्या बाजूला, एक डावीकडचं एक उजवीकडचं असं टाकत गेलं की अक्षरांचा डबा आपोआप जुळतो. टाईप करायला लागल्यावर माझं स्पेलिंग सुधारलं, वाचून सुधारलं नव्हतं.

गोकाक_रोड
धागा वाचून विचारतो, माझ्या मावसभावाला एका एजंटनं सांगितलंय की कोरियन भाषेची एक परीक्षा पास झाला की तिकडं फॅक्टरीत सरकारी योजनेतनं नोकरी लागते, ईपीएस म्हणून काही तरी. आधी पैसे भरायचेत म्हणे. खरं आहे का? आयटीआय झालाय, सध्या हत्तरगीकडं रोजंदारीवर जातो.

निपाणीकर_पुण्यात
पैसे भरू देऊ नका. ईपीएस ही योजना खरी आहे, कोरिया २००४ पासून त्यातनं बाहेरच्या देशांतून कामगार घेतो, आणि तिची वेगळी भाषा परीक्षा असते ते पण खरं, पण ती ज्या देशांशी सरकारी करार आहे त्यांच्यासाठीच. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका त्यात आहेत, भारत नाही. नेपाळची पोरं त्या परीक्षेचे व्हिडिओ टाकतात, ते बघून इकडचे एजंट तेच विकतात. शिवाय त्यात माणसं सरकार ते सरकार पाठवतात, मधे खाजगी एजंटला जागाच नाही, म्हणजे कुणी पैसे मागितले की तिथंच समजायचं. कोरियन शिकून त्याला इथंच पुणे, चेन्नई, आंध्रात किया आहे तिकडं, अशा कंपन्यांच्या सप्लायरकडं काम बघता येईल.

गोकाक_रोड
बरं झालं विचारलं. आजच त्याला फोन लावतो.

उद्यमबाग_बी_शिफ्ट
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मास्तर, तुमचं 'तिंदु नोडु' मी काल टी ब्रेकला आमच्या हुक्केरीच्या ऑपरेटरला सांगितलं, तो म्हणाला मग मी पण शिकतो की. आता दोघं झालो. परीक्षेचं कुणी सांगेल का नीट? आणि ती द्यावी का मुळात?

वडगावची_अक्का
टॉपिक वन म्हणजे पहिली आणि दुसरी लेव्हल, दोन्हीचा पेपर एकच. ऐकण्याचे ३० प्रश्न, वाचण्याचे ४०, सगळे पर्याय निवडायचे, १०० मिनिटं, २०० मार्क. ८० पडले की पहिली लेव्हल, १४० ला दुसरी. लिहायचं काही नाही त्यात. टॉपिक टू मध्ये तिसरी ते सहावी, तिथं लेखन पण आहे, शेवटचा प्रश्न ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून नोकरीसाठी दाखवायचा असेल तर आधी घाई करून देऊन ठेवण्यात अर्थ नाही. सेंटर आपल्या गावात नाही, दिल्ली, चेन्नई अशा ठिकाणी जावं लागतं, म्हणजे रजा, रिझर्व्हेशन, राहणं, सगळा खर्च धर. मी चेन्नईला गेले होते, परीक्षेपेक्षा त्या प्रवासानंच दमले.

तरी द्यावी असं माझं मत आहे. तारीख ठरली की घरची माणसं अभ्यासाला अभ्यास म्हणतात. नाहीतर 'मोबाईल बघत बसलाय' म्हणतात.

काळाचं विचारलंस तर शिफ्टवाल्याला दुसऱ्या लेव्हलसाठी दीड-दोन वर्षं धर, आणि त्याच्या आत झालं तर पेढे वाट. सहा महिन्यांत होईल म्हणणारे व्हिडिओ नोकरी नसलेली माणसं काढतात.

चिकोडीचा_मास्तर
अक्का, इथं मी वेगळं म्हणेन. धागाकर्त्याला मशीनपाशी बोलायचंय. टॉपिक वनच्या पेपरात बोलणं नाहीच, लिहिणं नाही, नुसतं गोल काळे करायचे. त्याच्यासाठी दोन वर्षं शब्द घोकले आणि ग्वाजांग समोर आल्यावर तोंड उघडलं नाही तर काय उपयोग? परीक्षेच्या मागं लागला की माणूस परीक्षेचंच शिकतो, मी वीसेक वर्षं हेच बघत आलोय वर्गात.

वडगावची_अक्का
मास्तर, तुम्ही पगारी सुट्टीत मे महिना घालवता म्हणून असं सुचतं 😄 बाकीच्यांना काही तरी खुंटी लागते हो.

निपाणीकर_पुण्यात
दोघांचं घ्या. परीक्षेचा फॉर्म पुढच्या वर्षी, पण आत्तापासून रोज पाच वाक्यं स्वतःच्या दिवसाची लिहायची, कामाच्या शब्दांत. मशीन बंद पडलं, टूल बदललं, साहेब आले, जेवलो, पाऊस होता. वहीत लिहून ठेवलं तर कुणी तपासत नाही, इथंच टाक, देवनागरीत का होईना, आम्ही तिघं-चौघं बघू. पुढं मागं ग्रुप काढू.

होनगा_मेंटेनन्स
मी पण वाचत राहीन. शिकणार नाही म्हटलंय, पण वाचीन.

उद्यमबाग_बी_शिफ्ट
मग घ्या, या आठवड्यात बी शिफ्ट आहे, सकाळी पोरगीला शाळेत सोडून आलो आणि चहानंतर बसलो. निपाणीकरांचे शब्द आणि सेजोंगचा धडा मिळून केलंय, पाच नाही झाली, तीनच:

ओनुल गिग्येगा गोजांग नास्सॉयो. (आज मशीन बिघडलं.)
ग्वाजांगनिमी वास्सॉयो. (साहेब आले.)
छिल शी साम्शिप बुने बाबुल मॉगॉस्सॉयो. (साडेसात वाजता जेवलो.)

वडगावची_अक्का
पहिलं एकदम बरोबर. आणि बघ, तिथं मशीनला 'गा' प्रत्यय लागला, 'नून' नाही, कारण बातमी मशीनची आहे. 'नून' लावलास तर 'मशीन म्हणशील तर ते बिघडलं' असं होतं, बाकी काही तरी ठीक आहे असा वास येतो त्याला.

दुसऱ्यात साहेबांना निम लावलास आणि क्रियापदात मान काढून घेतलास. साहेब आला असं झालं ते. 'ग्वाजांगनिमी ओस्यॉस्सॉयो' पाहिजे. आणि हा मान स्वतःला कधी लावायचा नाही.

तिसऱ्यात तास चुकला. तास त्यांच्या देशी आकड्यात मोजतात, मिनिटं चिनी आकड्यात. म्हणून इल्गोप शी साम्शिप बुन. तुझं साम्शिप बरोबर आहे, छिल तेवढं काढ. हाना, दुल, सेत पासून बारापर्यंतचे देशी आकडे आधी पाठ कर, त्यापुढचे तासाला लागत नाहीत.

खानापूर_ते_बेळगाव_अपडाऊन
आणि दादा, लाईनवर बोलताना साडेसातला 'इल्गोप शी बान' पण चालतं, बान म्हणजे अर्धा. तीस मिनिटं म्हणत बसायला नको.

निपाणीकर_पुण्यात
शिफ्ट सुटली की राहिलेली दोन टाक. त्यात एक तरी बुल्ल्यांगवर पाहिजे, तो शब्द येणारच आहे तुझ्या वाट्याला.